नऊ फेब्रुवारीची हजेरी

सेंट आपोलोनिया कॉलेजात मराठी शिकवायचं म्हणजे आधी विमानांशी जमवून घ्यायचं. सांताक्रूझ पूर्वेला, धावपट्टीच्या ऐन वाटेवर हे कॉलेज. दर तीन मिनिटांनी छपरावरून एक धूड घरघरत जायचं आणि इनेझबाई वाक्य अर्ध्यात टाकून खडू हातात धरून उभ्या राहायच्या. आवाज विरला की तेच वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून. एकोणतीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि येत्या एकतीस मेला इनेझ फर्गोज साठाव्या वर्षी निवृत्त होणार होत्या.

संत आपोलोनिया ही दातदुखीची संत. छळणाऱ्यांनी तिचे दात पाडले, म्हणून दात दुखला की भाविकांनी तिचा धावा करायचा. तिच्या कॉलेजाचेही दात एकेक करून पडत चालले होते. सायन्स कधीच गेलं, मग इतिहास, गेल्या वर्षी हिंदी. आता हलत होती मराठी. मॅनेजमेंटने ऑगस्टमध्ये पत्रक काढलं होतं की तृतीय वर्षाला ज्या विषयाचे दहापेक्षा कमी नियमित विद्यार्थी परीक्षेला बसतील, तो विषय जूनपासून बंद आणि तिथल्या निवृत्त शिक्षकाची जागाही रद्द. नियमित म्हणजे पंचाहत्तर टक्के हजेरी भरलेले. आजारपणाचे कागद जोडून सवलत घेणाऱ्यांना परीक्षेला बसता येईल, पण ते या दहात मोजायचे नाहीत.

इनेझबाईंच्या टी. वाय. मराठीच्या वर्गात बरोबर दहा जण होते. एकही कमी चालणार नव्हता, आणि जास्तीचा मिळणार नव्हता.

बाई मूळ वाकोल्याच्या गावठाणातल्या. घरात प्रार्थना मराठीत, भांडणं मराठीत, मसाल्याच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा मराठीत. तरी कॉलेजात नवा आलेला प्रत्येक जण विचारायचा, "मिस, तुम्ही कॅथलिक ना? मग मराठी कशा काय?" पहिली काही वर्षं त्यांना राग यायचा, मग त्या समजावून सांगायला लागल्या, पुढे नुसत्या हसायला लागल्या. गावठाणातल्या पोरांनी केव्हाच फ्रेंच घ्यायला सुरुवात केली होती. आपण गेल्यावर या इमारतीत आपली भाषा फक्त शिपायांच्या तोंडी उरेल, हे त्यांना दिसत होतं, आणि ते त्यांना सहन होत नव्हतं. लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत. मागे ठेवायला हा एक वर्ग तेवढा होता.

आणि बाई हजेरीला भयंकर कडक. वर्गात नसलेल्याची 'पी' त्यांनी जन्मात लावली नव्हती. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो," असं म्हणायच्या. अकरा वर्षांपूर्वी सख्खा भाचा ब्रेंडन त्यांच्याच वर्गात होता. त्याची हजेरी एकाहत्तर टक्के भरली. भाऊ अर्बन अंगण ओलांडून आला, म्हणाला, "चार टक्क्यांचा प्रश्न आहे गं, तुझ्या पेनात शाई नाही का?" बाईंनी नाही म्हटलं. ब्रेंडनचं वर्ष गेलं, मग त्याने शिक्षणच सोडलं आणि तो बोटीवर लागला. तेव्हापासून अर्बनचं दार आणि बाईंचं दार समोरासमोर, मध्ये दहा पावलांचं अंगण, आणि ते अंगण दोघांपैकी कुणी ओलांडलेलं नाही. चार टक्के! चार टक्क्यांत माणसं तुटतात, यावर कुणी बाहेरच्याने विश्वास ठेवला नसता.

या वर्षी दहातली सातवी होती अक्षता घाडी. वाकोल्यातच राहायची. मूळ कणकवलीकडचे लोक. आजोबा गिरणीत होते. वर्गात सगळ्यांत चांगलं लिहिणारी पोर, पण जानेवारीत तिच्या वडिलांना, राजेशना, अर्धांगवायूचा झटका आला आणि घराची घडी विस्कटली. आई नलिनी विमानतळावर सफाईच्या रात्रपाळीला जायची, ती साडेआठला परतायची. तोवर वडिलांना उठवणं, पुसणं, भरवणं अक्षताकडे. बाईंचं लेक्चर सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात चाळीसला. मुलगी धावत यायची तेव्हा बाई फळा पुसत असायच्या. वर्गात नसलेल्याला हजेरी नाही, हा नियम बाईंचाच होता. त्या वहीत 'ए' लिहायच्या आणि अक्षता काही न बोलता झालेला धडा शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची.

बारा मार्चला, गुरुवारी, अक्षता स्टाफरूमच्या दारात आली. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात हॉस्पिटलचे कागद, आईची सही, सवलतीचा अर्ज.

"मिस, आज शेवटची तारीख आहे ना? यावर तुमची सही लागते."

बाईंनी कागद वाचले. सगळं व्यवस्थित होतं. सही केली असती की मुलगी परीक्षेला बसली असती, निर्धास्त. पण मग नियमित विद्यार्थी उरले असते नऊ. बाईंचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. वरून विमान गेलं. आवाज संपेपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"राहू दे हे. तुझी हजेरी भरतेय," त्या म्हणाल्या.

"भरतेय? मिस, मी तर मोजली होती..."

"मी बघते म्हटलं ना. जा तू, बाबांकडे जा."

अक्षताचा चेहरा असा उजळला की बाईंनी कपाटात काहीतरी शोधल्यासारखं केलं. आपण मुलीवर उपकार करतोय असं त्यांना त्या क्षणी खरोखर वाटलं. मुलीचं वर्षही वाचेल, मराठीही वाचेल. पण या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि एकीसाठी दुसरी पणाला लावायची का, हे त्यांनी मुलीला विचारलं नाही. स्वतःलाही विचारलं नाही.

ऑफिसने यंदा प्रत्येक विद्यार्थ्याचं वेगळं पान छापून दिलं होतं. त्यावर वेळापत्रकाप्रमाणे चाळीस तारखा आणि चाळीस चौकोन. लेक्चर झालं नसेल तो चौकोन खोडायचा. बाकीच्या नऊ जणांची पानं बाईंनी आठवड्यापूर्वीच भरून दिली होती. अक्षताचं तेवढं उरलं होतं. त्याच दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, त्यांनी आपली लाल पुठ्ठ्याची वही उघडली आणि तिच्यातल्या खऱ्या 'पी' पानावर उतरवल्या. भरल्या बावीस. चाळीसात तीस हव्या होत्या, म्हणजे अजून आठ.

मग त्यांनी वही मिटली. ती उघडी ठेवून पुढचं काम त्यांना जमेना. आपल्याच अक्षरातले ते 'ए' आपल्याकडे बघताहेत असं वाटत होतं, म्हणून वही चक्क पर्समध्ये घालून चेन लावली. खोटं लिहायलाही सराव लागतो आणि तो बाईंना अजिबात नव्हता. रिकाम्या चौकोनांमधून त्या तारखा निवडायला लागल्या. पहिली 'पी' लिहिताना हाताला घाम आला. सातवीपर्यंत तो पदराला तीनदा पुसून झाला होता.

आठवीला मात्र त्रास झाला नाही. सोमवार, नऊ फेब्रुवारी. ही सकाळ त्यांना लख्ख आठवत होती. कणकवलीहून अक्षताची आत्या आली होती, एका दिवसापुरती, म्हणून वडिलांना सांभाळायला माणूस होतं. साडेसातला फाटकाशी अक्षता उभी, पिवळा ड्रेस, ओले केस, छातीशी वही. "मिस, आज वेळेवर आले!" म्हणाली होती. आठ 'पीं'मध्ये ही एक तरी खरी आहे, या विचाराने बाईंना बरं वाटलं. ती त्यांनी जरा ठळकच काढली. उरलेल्या चौकोनांत 'ए' लिहिले, खाली सही केली आणि पान ऑफिसात दिलं.

दुसऱ्या दिवशी लेंटमधला, ईस्टरआधीच्या उपासकाळातला, शुक्रवार होता. बाई चर्चमध्ये मिस्साला गेल्या, पण कन्फेशनच्या रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. रांगेच्या टोकाला फादर मर्विन बसले होते, कॉलेजचे प्रिन्सिपल.

मंगळवारी फादरनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. चाळिशीतला, चटपटीत माणूस. मराठी तोडकी, पण मनाने वाईट नाही. शेजारी हेडक्लार्क चंद्रप्रकाश उभा होता, अक्षताचं पान हातात घेऊन.

"मॅडम, छोटासा लोचा झालाय," चंद्रप्रकाश म्हणाला. "बाकी नऊ जणांची लेक्चर्स एकोणचाळीस. हिची चाळीस. कॉम्प्युटर एंट्री घेत नाही."

"एकोणचाळीस कशी?"

"नऊ फेब्रुवारी सगळ्यांची तुम्हीच कापली आहे ना. हिला त्या दिवशी पी आहे."

बाईंना क्षणभर काही कळेना. ती सकाळ तर खरी होती. पिवळा ड्रेस, ओले केस.

"मिस," फादर हळूच म्हणाले, "नऊ फेब्रुवारीला आपली फीस्ट. मिस्सा होती. फर्स्ट रीडिंग तुम्हीच केलंत, मराठीत. मी आल्टरवर होतो."

नऊ फेब्रुवारी! झोपेतून उठवून विचारलं असतं तरी बाईंनी संत आपोलोनियाचा सण सांगितला असता. लहानपणापासून दरवर्षी त्या दिवशी त्यांनी नवी साडी नाहीतर नवा फ्रॉक घातला होता. आणि आता सगळं आठवलं: अक्षता कॉलेजात फारशी नसल्यामुळे तिला सुट्टीची नोटीस कळलीच नव्हती. बिचारी वही घेऊन वेळेवर आली, आणि लेक्चर नाही म्हटल्यावर घरी न जाता मिस्साला मागे उभी राहिली. बाईंनीच तिच्या हातावर सणाचा गोड पाव ठेवला होता. सात खोट्या 'पी' निमूट खपल्या होत्या, आणि जी एक खरी म्हणून त्यांनी ठळक काढली तिनेच घात केला.

फादरनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "एक पी कॅन्सल केली तर एकोणतीस. एकोणचाळीसपैकी एकोणतीस म्हणजे चौऱ्याहत्तर पॉइंट तीन. पाऊण टक्का कमी." ते हसले. "एवढं मी माझ्या सहीने ॲडजस्ट करतो. चूक कुणाचीही होते. तुमचे दहाही पूर्ण होतात, मिस, मलाही बरं वाटेल. फक्त बाकीच्या एकोणतीस खऱ्या आहेत ना? तुमचा शब्द पुरे."

एवढंच हवं होतं. एक 'हो'. वही पर्समध्ये होती, ती दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं. ज्या बाईने वर्गात नसलेल्याची हजेरी जन्मात लावली नाही, तिच्या 'हो'वर अख्ख्या कॉलेजने विश्वास ठेवला असता.

इनेझबाईंनी तोंड उघडलं. समोर फादरांचा पांढरा झगा, त्यांच्यामागे भिंतीवर क्रूस, त्यावर लेंट म्हणून घातलेलं जांभळं कापड. एकटीने, दार लोटून, कागदावर खोटं लिहिणं त्यांना कसंबसं जमलं होतं. माणसाच्या डोळ्यांत बघून बोलणं जमेना.

"नाहीत," त्या म्हणाल्या. "आणखी सात खोट्या आहेत."

चंद्रप्रकाशने पान टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

"मिस, का सांगितलंत?" फादर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आता मी ऐकलंय. यांनीही ऐकलंय."

"तिला सवलत द्या, फादर. कागद आहेत तिच्याकडे. छप्पन टक्के आहेत, नियमात बसते ती."

"बाराला पोर्टल बंद झालं. आता युनिव्हर्सिटी माझंही ऐकत नाही. बारा तारखेला अर्ज आला असता तर मी डोळे मिटून सही केली असती." त्यांनी डोळे चोळले. "तुमच्यावर मी ॲक्शन घेणार नाही. अडीच महिने राहिलेत, शांतपणे जा. पान फक्त परत भरून द्या, खरं खरं."

म्हणजे शिक्षा बाईंना नाहीच. ती सगळी सात नंबरच्या अक्षताला. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती धुपाटणं आलं ते त्या पोरीच्या.

गावठाणात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. त्याच संध्याकाळी बाई कुंडीला पाणी घालत होत्या, तर अर्बन आपल्या दारात येऊन उभा राहिला. अकरा वर्षांनी तो त्यांच्याशी बोलला.

"परक्या पोरीला आठ लेक्चर्स दिलीस म्हणे. माझ्या ब्रेंडनला चार टक्के नव्हते गं तुझ्याकडे."

तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. दार आपटलं असतं तरी त्यांना बरं वाटलं असतं.

बुधवारी सकाळी त्यांनी लेक्चर रद्द केलं आणि सात चाळीसला त्या अक्षताच्या दारात उभ्या राहिल्या. चाळीतली एक खोली, खिडकीशी खाट. अक्षता वडिलांना मऊ भात भरवत होती, आणि ओघळलेला घास चमच्याने पुन्हा गोळा करत होती. बाईंना बघून ती लगबगीने उठायला लागली.

"बस, बस. भरव आधी."

बाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. लपवता आलंच नसतं. दहाचा नियम, सवलतीचा अर्ज का घेतला नाही ते, आठ 'पी', फीस्ट, केबिन. राजेश एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत होते. त्यांना किती कळत होतं कोण जाणे.

अक्षता रडली नाही. चमचा वाटीत ठेवून म्हणाली, "म्हणजे मी अर्ज आणला होता तेव्हाच झालं असतं."

"हो."

"आणि काल फादरनी विचारलं, तेव्हा तुम्ही हो म्हणाला असतात तरी झालं असतं?"

"हो."

"मग मिस, दोन्ही वेळेला..." तिने वाक्य पुरं केलं नाही. वडिलांच्या हनुवटीवरचं पाणी टिपलं. मग म्हणाली, "जूनपासून मी पण आईबरोबर लागणारच होते एअरपोर्टला. वाटलं होतं ग्रॅज्युएट झाले तर काउंटरला घेतील. आता झाडूच."

"पुढच्या वर्षी परीक्षा दे. मी घरी शिकवीन. रोज येईन."

"पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजात मराठी असेल का, मिस?"

तेवढ्यात नलिनी आली, कामाचा निळा कोट अंगावर तसाच, डोळे तारवटलेले. आज लवकर सुटली होती. दारात मॅडम बघून तिला कोण आनंद झाला.

"अगो बाय, मॅडम! बसा, बसा. मी चाय टाकतंय." स्टोव्ह पेटवता पेटवता तिचं तोंड चालूच. "आमच्या अक्षूच्या तोंडात सदा तुमचाच नाव. आमच्या मॅडम कधी खोटा लिवणत नाय, म्हणता. तिची परीक्षा झाली ना, की मी देवाक नारळ देतलंय."

अक्षताने आईकडे बघितलं, मग बाईंकडे. नजरेने एवढंच सांगितलं, की आत्ता नको, चहा घेऊ दे तिला. इनेझबाईंनी तो चहा घेतला. गोड मिट्ट होता, पाहुण्यासाठी दूध जास्त घातलेला. त्यांनी कप रिकामा केला, कारण न पिता उठणं हा आणखी एक गुन्हा झाला असता.

अक्षता त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली.

"मिस, एक विचारू? नऊ फेब्रुवारीला मी आले होते. साडेसातला. वेळेवर आले होते ना?"

"आली होतीस."

"मग ती तरी राहील ना?"

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. काही बोलायच्या आतच वरून विमान गेलं आणि या वेळी त्यांनी वाक्य पुन्हा सुरू केलं नाही.

कॉलेजात चंद्रप्रकाशने कोरं पान काढूनच ठेवलं होतं. बाई त्याच्या टेबलाशी बसल्या, लाल वही उघडली आणि अक्षताच्या नावासमोरच्या बावीस 'पी' आणि सतरा 'ए' एकेक करून उतरवले. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. एक चौकोन उरला. त्यावर त्यांनी पेन टेकवलं आणि त्या तशाच बसून राहिल्या.

"मॅडम, तेवढं करून टाका," चंद्रप्रकाश म्हणाला. "एकला ऑफिस बंद होतं."

त्यांनी नऊ फेब्रुवारीचा चौकोन खोडला आणि खाली सही केली. कॉम्प्युटरने ते पान या वेळी बिनतक्रार घेतलं.